पिशवीतलं पाकीट

११ फेब्रुवारी १९९१, सकाळ

रोशनदादा,

मी कॉलेजला जाते आहे. टी.वाय.चा परीक्षेचा फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस आहे आणि बाबांनी कितीही बजावलं असलं तरी मी तो भरणार आहे.

काल डहाणू स्टँडवर बाबा येताना दिसले आणि तू तुझं सिगारेटचं पाकीट माझ्या पिशवीत कोंबलंस. घरी आईने डबा काढायला पिशवी उघडली, तर तेच तिच्या हाताला लागलं. बाबा म्हणाले, "उद्यापासून हिचं कॉलेज बंद." मी फक्त "माझं नाही" म्हणाले. कुणाचं ते तू सांगशील असं वाटलं. तू मान खाली घालून बोंबलाचं कालवण ओरपलंस आणि वर आणखी भात मागितलास.

तू ओढतोस हे कळलं तर बाबा चार दिवस तुझ्याशी अबोला धरतील, इतकंच. माझं मात्र शिक्षणच सुटेल. हे ठाऊक असूनही तू गप्प बसलास.

सकाळपर्यंत मी वाट पाहिली. ही चिठ्ठी तुझ्या उशाशी नाही, बाबांच्या चष्म्याखाली ठेवली आहे. ते तुझ्याआधी उठतात.

कीर्ती