वरच्या ओळीतली अकरा कलमं

बाबा, मांजरी गावच्या जमिनीतली वरच्या ओळीतली अकरा कलमं वाळवीनं गेली नव्हती. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं, आणि आता तुम्ही नाही, त्यामुळे सांगणं एकदम सोपं झालंय. तुम्ही असतात तर चष्मा पुसत म्हणाला असतात, "वा, सोयीची वेळ निवडलीत आपण." रागावलात की मला अहो-जाहो करायचात.

तुमच्या भावांनी आपापले वाटे विकून फ्लॅट घेतले आणि तुमच्या वाटणीची दोन एकर मुरमाड जमीन तुम्ही तशीच ठेवलीत. आई म्हणाली, तिथं गवतसुद्धा उगवत नाही. तुम्ही म्हणालात, "गवत लावायचंय कुणाला?" मग कुठल्याशा परिपत्रकात तुम्ही वाचलंत की फळझाडं लावणाऱ्या जमीनमालकाला सरकार तीन वर्षं अनुदान देतं. पहिल्या वर्षी खड्डे आणि कलमं, पुढची दोन वर्षं राखण, आणि पुढचा हप्ता मिळणार तो गेल्या वर्षीची झाडं किती जगली ते पाहून. ही अट तुम्हाला फार आवडली होती. "लावल्याबद्दल कुणीही पाठ थोपटतं, हे जगवल्याबद्दल देतायत," असं तुम्ही जेवताना दोन-तीनदा म्हणालात, आणि आईनं दोन्ही-तिन्ही वेळा तुम्हाला आमटी वाढली. दुसऱ्या हप्त्यातून तारेचं कुंपण करायचं ठरलं होतं, कारण शेळ्या मोकाट होत्या.

त्या पहिल्या वर्षीचे रविवार मला अजून झोपेत दिसतात. मी स्कूटरवर तुमच्या मागे बसलेली असते. हडपसर मागे पडतं, रस्ता मांजरीकडे वळतो आणि ओल्या उसाचा वास येतो. प्रत्येक कलमावर उसाच्या पाचटाची टोपी आणि बुडाशी गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं, त्याच्या तळाला भोक पाडून घातलेली सुती वात. तुम्ही बादलीनं मडकी भरता आणि एखाद्या मडक्याशी वाकून कान लावता. मी विचारते, काय ऐकताय? तुम्ही म्हणता, "पाणी पितंय. गप्प बस जरा." मलाही ऐकू येतं, खरंच येतं. कलमं रुजली तशी त्यांच्या जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी तुम्ही दाढीच्या ब्लेडनं एकेक करून सोडवलीत, खोडाला ओरखडा येऊ न देता. ऊन डोक्यावर येतं, शेजारच्या उसातून वारा सळसळत येतो आणि मला तिथेच बांधावर डुलकी लागते. जाग येते तेव्हा तुमची टोपी माझ्या तोंडावर असते.

मग ऐन उन्हाळ्यात तुम्ही पाय मोडून घेतलात आणि रविवार माझ्याकडे आले. मला नुकतीच सॉफ्टवेअरमधली नोकरी लागली होती. दोन हजार साल लागलं की जगभरचे कॉम्प्युटर गोंधळणार म्हणून अमेरिकेतल्या कुणाचे तरी जुने प्रोग्रॅम आम्ही येरवड्यापलीकडच्या एका थंडगार इमारतीत बसून दुरुस्त करत होतो. रविवारीही बोलवायचे. मी लागोपाठ चार रविवार मांजरीला गेले नाही. संध्याकाळी तुम्ही प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून विचारायचात, "घातलंस पाणी?" मी हो म्हणायचे. "पीत होती?" असंही विचारायचात. त्यालाही मी हो म्हणायचे.

पाचव्या रविवारी गेले तर वरची ओळ अख्खी वाळलेली. खालच्या ओळींना शेजारच्या उसाचा पाझर मिळत होता, म्हणून त्या वाचल्या. पाहणी आठ दिवसांवर आली होती. मी सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून पगाराच्या पैशांनी अकरा कलमं आणली, तशाच उंचीची शोधून, आणि मेलेली उपटून त्यांच्या जागी लावली. मडकी भरली, पाचटाच्या टोप्या घातल्या. हाताला फोड आले तरी मी स्वतःवर खूश होते. प्लॅस्टिकची पट्टी मात्र माझ्या डोक्यातच आली नाही. अकरा कोवळी खोडं गळ्यात पांढऱ्या पट्ट्या बांधून तुमची वाट बघत उभी राहिली.

पाहणीला आलेला कृषी सहायक गडबडीत होता. तुम्ही काठी टेकत त्याच्यामागून चाललेले आहात, मी तुमच्या मागे. वरच्या ओळीशी तुम्ही थांबता. पट्टीला बोट लावता. मग माझ्याकडे बघता. "वाळवी लागली होती," मी म्हणते. "म्हणून बदलली." काठी मला धरायला देता, कसेबसे खाली वाकता, बुडाची माती मुठीत घेऊन चुरडता, एकदा खालच्या ओळीकडे बघता, एकदा उसाकडे. किती वेळ लागला असेल कोण जाणे. मला त्या मुठीवरून नजर हटवता येत नव्हती.

"ही अकरा धरू नका," तुम्ही त्याला सांगितलंत. "गेल्या आठवड्यातली आहेत."

तो हसला. "अहो साहेब, गेलेल्याच्या जागी नवं लावलं, त्यात काय वंगाळ हाय? हिरवं दिसतंय, मी लिवतो की."

"वंगाळ काहीच नाही. पण कागदावर जगलेली किती असं विचारलंय, हिरवी किती असं नाही. कारण लिहायला जागा आहे ना? तिथे लिहा, वाळवी. आणि मालकाचं दुर्लक्ष." तो थांबला तेव्हा तुम्ही म्हणालात, "मालक मी."

अकरा कमी धरल्यावर आपण अटीत बसलो नाही आणि हप्ता गेला. रिक्षात मी तुमच्याशी भांडले. त्या माणसापुढे मला खोटं पाडलंत, म्हणाले. तुम्ही बाहेर बघत म्हणालात, "तुझं नाव मी घेतलं का कुठे?" मी तेव्हा रागात होते, म्हणून ते वाक्य मी नीट ऐकलंच नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, एका मीटिंगमध्ये बसलेली असताना, ते मला ऐकू आलं आणि मला तिथून उठून बाहेर जावं लागलं.

कुंपण झालं नाही. मग पाय नीट जुळलेला नसताना तुम्ही सुट्टीच्या प्रत्येक दिवशी घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन तिथे बसायला लागलात. शेळ्या तुम्हाला ओळखायला लागल्या. तुम्ही त्यांनाही अहो-जाहो करायचात, असं शेजारचे सांगतात. मला एकदाही बरोबर चल म्हणाला नाहीत. त्याची मला शिक्षेसारखी लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून मी आणखी लांब राहायचे. तुम्ही गेलात तेव्हा मी खूप रडले, ते खरंच होतं. पण त्यात एक क्षण असाही आला की बरं झालं, आता कुणी विचारणार नाही. तेवढ्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

आता सगळीकडे इमारती झाल्या आहेत. बिल्डरांचे फोन येतात, मी तुमच्यासारखं तिरकं बोलून ते बंद करते. झाडं मोठी झालीत, वरची ओळसुद्धा. दुपारी सावलीत बसलं की पानांमधून ऊन हलत राहतं, कुठून तरी पोहण्याच्या तलावातल्या मुलांचा आवाज येतो, आणि आपण कुठल्या वर्षात आहोत ते थोडा वेळ समजत नाही. हे पत्र मी तिथेच बसून लिहितेय. ते घरी नेणार नाही, आईलाही दाखवणार नाही. तिला अजून वाळवीच माहीत आहे.

एवढं लिहूनही मी हातचं राखलंच. चार रविवारांपैकी ऑफिस फक्त दोनच रविवार होतं. उरलेले दोन रविवार मी खडकवासल्याला गेले होते, ऑफिसमधल्या एका मुलाबरोबर. तो पुढे अमेरिकेला गेला, परत आला नाही. आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो होतो. समोर एवढं पाणी होतं, आणि दोन्ही वेळा मला वरची ओळ आठवली होती, बाबा. मी खूप सुखात होते. उठावंसं वाटलं नाही.