गुप्त सहभागी क्रमांक १७ यांचे हार्दिक अभिनंदन

कोल्हापूर,
भाऊबीज होऊन नऊ दिवस

तीर्थस्वरूप अरुणाक्कास धाकट्या केतनचा वाकून नमस्कार आणि जय जिनेंद्र. दाजींनाही तोच नमस्कार (त्यांनी घेतला तर, नाही घेतला तर तुझ्याजवळ ठेवून दे, पुढंमागं उपयोगी पडेल). तुझा गुडघा कसा आहे? दाजींची साखर? माझी भाची ऐश्वर्या बरी? कुरुंदवाडच्या मळ्यातल्या उसाला तोड आली का? इकडे सर्व क्षेम. आई ठणठणीत आहे, पण ते तुला ठाऊकच असणार, कारण ती रोज सकाळी साडेनऊला तुला फोन करते आणि मला पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल अशा बेतानं मोठ्यानं बोलते. हातात पत्र बघून तू चकित झाली असशील. काय करणार, माझा नंबर तू ब्लॉक केलास आणि पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. आईकडून निरोप धाडला असता, पण ती कुठल्याही निरोपात निम्मं रडणं मिसळते, मग निरोप कुठला आणि रडणं कुठलं ते निवडत बसावं लागतं. तर पत्रास कारण की... कारण शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तू इथंच घडी घालून पत्र देव्हाऱ्यामागं सरकवशील. तुझी सवय मला माहीत आहे.

पहिली बातमी. मी गोळ्या सोडून परवा चौदा महिने झाले. (आत्ता तू भुवई वर केलीस. कर. मीसुद्धा आरशात बघून रोज एकदा करतो.) ज्या घरात बटाटा उंबरठा ओलांडत नाही आणि दिवस मावळायच्या आत ताटं घासून पालथी पडतात, त्या घरातल्या पोरानं दुखण्याच्या गोळ्या चुरमुऱ्यासारख्या खाव्यात याचं व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरांनाही नवल वाटलं होतं. मी त्यांना म्हणालो, गोळ्या जमिनीखाली उगवत नाहीत, म्हणून चालत असतील. ते हसले नाहीत. केंद्रातून परत आल्यावर गल्लीत मला कामावर ठेवून घेणारा एकच माणूस निघाला, तो आकाराम. तू त्याला पाहिलं आहेस, तालमीतला जुना पैलवान, कान चुरगळलेले. गल्लीच्या तोंडाशी त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मी कॉम्प्युटरवर बसतो, मजकूर लावतो, शुद्धलेखन बघतो. कोल्हापुरात माणूस जन्मला, पास झाला, नापास होऊन पुन्हा बसला, कुणाची म्हैस व्याली, तरी फ्लेक्स लागतोच, त्यामुळं कामाला तोटा नाही.

दुसरी बातमी जास्त मोठी. मी पीएच.डी.त आहे. (करत नाही, त्यात आहे. फरक आहे, पण आई बाजारात सांगताना तो सांगत नाही.) संयोगिता मॅडम म्हणून विद्यापीठात एक बाई आहेत, त्यांचा विषय असा की व्यसनातून बाहेर पडलेला माणूस बाहेरच कसा राहतो, किंवा का राहत नाही. त्यासाठी त्यांनी आमच्यासारखे बावीस जण निवडले. महिन्यातून एकदा केंद्रातल्या एका खोलीत भेटायचं, त्या विचारतील ते सांगायचं. नाव कुठंही येणार नाही, नुसता क्रमांक. माझा सतरा. शाळेत पस्तिसाच्या अलीकडं माझा नंबर कधी आला नव्हता, इथं एकदम सतरावा. मॅडम गुप्ततेच्या इतक्या पक्क्या की खोलीत दुसरं कुणी नसलं तरी मला ‘नमस्कार, सतरा’ म्हणायच्या.

प्रश्नावली बाहेरच्या देशातली आहे आणि तिचं मराठी केलं आहे, त्यामुळं तिला आपल्याकडचं काही माहीत नाही. एक प्रश्न असा: गेल्या महिन्यात किती लोकांनी स्वतःहून तुमची विचारपूस केली? शून्य, एक ते दोन, तीन ते पाच, पाचपेक्षा जास्त. मी म्हणालो, मॅडम, घरातून तुमच्यापर्यंत येताना नऊ झाले, त्यातल्या दोघांनी गाडी अडवून केली. मग ओढीचा प्रश्न. शून्य ते दहामध्ये सांगायचं, गोळीची ओढ किती. मी दर महिन्याला ‘दोन’ सांगायचो. एवढ्या लांबून उन्हातून स्कूटीवर येणाऱ्या बाईला नऊ सांगायचं म्हणजे पाहुण्याला साखर नसलेला चहा देण्यासारखं वाटायचं. दोन बरे. शून्य म्हटलं तर कुणाचा विश्वास बसत नाही.

आता फ्लेक्सची हकीकत. चूक माझीच. दर महिन्याला दोन तास सुट्टी कशाला पाहिजे हे अकरा महिने टाळल्यावर शेवटी आकारामला सांगणं भाग होतं, आणि मी खरं सांगून बसलो. (खरं बोलायची सवय नवी आहे, ती अशी कुठंही उपटते.) चारदा बजावलं की हे गुप्त आहे. त्यानं छातीवर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात दहा बाय पंधराचा फ्लेक्स उभा केला. वर सोनेरी अक्षरांत ‘संशोधन क्षेत्रात गरुडभरारी’. खाली गॉगल घातलेला मी, पाठीमागं विद्यापीठाची इमारत आणि का कोण जाणे, एक वाघ. मजकूर असा: ‘आमचे मित्र मा. केतनभैया यांची व्यसनमुक्तीच्या गुप्त अभ्यासात सहभागी क्रमांक १७ पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ त्यातला ‘गुप्त’ हा शब्द लाल होता. त्याखाली सव्वीस शुभेच्छुकांचे फोटो. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, कारण मीच करून ठेवलेला साचा त्यानं वापरला होता.

मी दुकानात जाऊन असा काही ओरडलो की आकाराम खरोखर खजील झाला. चुकलं म्हणाला, दुरुस्त करतो म्हणाला. दुपारी जाऊन बघतो तर दुरुस्ती झालेली: माझ्या डोळ्यांवर, म्हणजे गॉगलवर, काळी पट्टी चिकटवलेली. नाव तसंच. सकाळी लोक फ्लेक्स बघून पुढं जात होते, आता ते गाड्या स्टँडला लावून, हा नक्की कोण म्हणून वाचायला लागले. तेवढ्यात जोतीराम तावातावानं आला. जोतीराम म्हणजे केंद्रातला माझा सोबती, दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, अभ्यासात क्रमांक अठरा. आकारामनं त्याला शुभेच्छुकांत घेतलं होतं. मला वाटलं, बिचारा घाबरला असणार. त्याची तक्रार वेगळीच होती. ‘सतराचा लागतोय आन् अठराचा न्हाय, ह्यो कुठला न्याय?’ असं म्हणून त्यानं मार्कर मागून घेतला आणि शिडीवर चढून आपल्या फोटोखाली स्वतःच्या हातानं ‘क्र. १८’ लिहिलं. त्या संध्याकाळी तालमीतल्या तिघांनी माझ्याकडं एकोणीस नंबर शिल्लक आहे का म्हणून चौकशी केली. त्यातल्या एकाला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही.

मॅडमनी चौकात येऊन फ्लेक्स वाचला आणि त्या समोरच्या कट्ट्यावर मटकन बसल्या. त्यांच्या गाईडनी फोनवर सांगितलं की नाव फुटलेले दोघेही अभ्यासातून काढावे लागतील. अक्का, मला केंद्रात नेलं तेव्हा मी रडलो नव्हतो, पण हे ऐकून मीही त्यांच्याशेजारी कट्ट्यावर बसलो. महिन्यातून एकदा एक माणूस मला काहीतरी विचारत होता आणि मी म्हणेन ते लिहून घेत होता. आपल्या घरात शेवटी शेवटी माझ्या बोलण्यावर कुणी ‘बरं’सुद्धा म्हणत नव्हतं. तुमचं बरोबरच होतं, पण मला त्याची फार सवय झाली होती, आणि ती मॅडमनी मोडली होती.

यानंतर चार दिवसांनी मी एका यंत्रमागवाल्याच्या वास्तुशांतीचा फ्लेक्स पोचवायला कबनूरला गेलो. वास्तुशांती हा शब्द लिहिताना माझा हात थांबला, तुझी नजरही थांबली असेल. तुझ्या वास्तुशांतीला तू मला एकच काम दिलं होतंस, उपाध्येंना कोल्हापुरातून गाडीनं आणायचं. मी हातकणंगल्याच्या पुढं गाडी बाजूला घेतली, दोन मिनिटं म्हणालो आणि गोळ्यांच्या गुंगीत स्टिअरिंगवर डोकं टेकलं. उपाध्ये धोतर-उपरण्यात उसाच्या ट्रॉलीवरून तुझ्या दारात उतरले तेव्हा मुहूर्त टळून सव्वा तास झाला होता. ही गोष्ट मी केंद्रात नकलांसकट सांगायचो आणि सगळे हसून लोळायचे. तू पायरीवर उभी राहून ‘आजपासनं मला भाऊ न्हाय’ म्हणालीस, तेवढं मात्र मी गाळायचो.

तर कबनूर. माझी दाढ दुखत होती. ओळखीचं कुणी नाही असं बघून मी एका मेडिकलमध्ये शिरलो आणि जुन्या गोळीचं नाव घेतलं. दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला, मला खालीवर बघितलं आणि विचारलं, ‘पावणं, तुम्ही सतरा नंबर न्हवं?’ त्यांच्या साडूनं फ्लेक्स स्टेटसला ठेवला होता. (काळी पट्टी असूनसुद्धा ओळखलं. नाकावरून, म्हणाले. आपलं नाक, अक्का, सांभाळून राहा.) गोळी त्यांनी दिली नाही. गल्ल्यामागच्या डबीतून दोन लवंगा काढून दिल्या, स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि दाताच्या डॉक्टरचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला. मी आधी भयंकर चिडलो. मग रस्त्यावर उभा राहून लवंग चघळत एकटाच हसत सुटलो, इतका की एक बाई पोराला घेऊन पलीकडच्या बाजूला गेली. दाढ खरंच दुखत होती. पण निम्मीच. उरलेलं दुखणं दाढेचं नव्हतं आणि हे मला दुकानाची पायरी चढतानाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठात गेलो. अभ्यासात नव्हतो, तरी मॅडमसमोर बसून म्हणालो, ओढ नऊ. आणि आधीचे अकरा महिनेसुद्धा दोन नव्हते, कधी पाच, कधी आठ, श्रावणात एकदा दहा. मॅडमनी पेन खाली ठेवलं. अकरा महिन्यांचे दोन गेले पाण्यात, म्हणाल्या, आणि कपाळ धरून अशा हसायला लागल्या की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. मग त्यांचे गाईड स्वतः आमच्या चौकात आले. फ्लेक्ससमोर अर्धा तास उभे होते. तेवढ्या वेळात चौघांनी येऊन त्यांना माझी तब्येत सांगितली, एकानं माझी दाढसुद्धा सांगितली. जाताना म्हणाले, असलं प्रश्नावलीत बसत नाही, प्रबंधात याचं वेगळं प्रकरण करा. आता सतरा आणि अठरा त्या प्रकरणात आहेत. नाव उघड झालं तरी चालेल, अशी लेखी संमती आम्ही दिली. आकारामनं साक्षीदार म्हणून सही केली, वर दुकानाचा शिक्का मारला आणि मॅडमच्या प्रबंधाचं कव्हर फ्लेक्सवर करून देतो म्हणून अजून मागं लागला आहे.

असो. फार लांबलं. ऐश्वर्याला आशीर्वाद, दाजींचा नमस्कार तुझ्याकडं पडूनच असेल. लोभ पूर्वीइतका नको, निम्मा असला तरी माझं भागेल.

तुझा,
केतन (क्र. १७)

ता. क. कारण राहिलंच. नव्या प्रकरणासाठी मॅडमना माझे वाईट दिवस बघितलेलं घरचं एक माणूस पाहिजे. आईचं नाव दिलं असतं, पण ती माझ्या बाजूनं खोटं बोलेल. म्हणून तुझं दिलं. त्यांचा फोन येईल, तो तरी ब्लॉक करू नकोस. अकरावा प्रश्न असा आहे: ‘घरातली एखादी महत्त्वाची जबाबदारी तुम्ही या व्यक्तीवर सोपवाल का?’ होय, नाही, सांगता येत नाही. मला बरं वाटावं म्हणून होय म्हणू नकोस. तसले दोन-दोन मी अकरा महिने दिलेत. नाही असेल तर नाही सांग. मॅडम लिहून घेतील, मीही घेईन.

ता. क. २. दाढ काढली. आकाराम धीर द्यायला खुर्चीशेजारी उभा होता आणि माझ्याआधी तोच ओरडला. येताना उपाध्येंकडं जाऊन त्यांच्या पाया पडलो. पुन्हा माझ्या गाडीत बसायला ते तयार आहेत, पण चालवणार ते.

ता. क. ३. माघात ऐश्वर्याचं लग्न आहे आणि मामा म्हणून आपला चुलतभाऊ राजवर्धन उभा राहणार आहे, हे साडेनऊच्या फोनवरून कळलं. राजवर्धन चांगला आहे, उंच आहे, फोटोत शोभेल. पण आकारामनं मला न विचारता फ्लेक्स छापून टाकला आहे. मधे ऐश्वर्या, कोपऱ्यात मी, खाली ‘वधूचा मामा’. गॉगल नाही, पट्टी नाही, नंबरही नाही. मी तो लावू दिलेला नाही, गुंडाळून खाटेखाली ठेवला आहे. त्या दिवशी मी कुठं उभं राहायचं ते तू सांग. बोहल्याजवळ म्हणालीस तर बाहेर काढतो. पंगतीत पाणी वाढायला म्हणालीस तरी घेऊन येतो. पालथा अंथरला तर त्यावर पंधरा माणसं जेवायला बसतील.