चहाच्या पेटीतली वांगी

२२ ऑक्टोबर १९७२, रविवार

आजपासून मी बागायतदार. कालपर्यंत नव्हतो. पण काल संध्याकाळी लाहिडीसाहेबांना तसं सांगून बसलो, आणि साहेबांना सांगितलेली गोष्ट खरी करावी लागते.

दसरा झाला की इथे बंगाली लोकांत मोठ्यांच्या घरी नमस्काराला जायची पद्धत आहे, म्हणून साहेबांकडे सहकुटुंब गेलो होतो. पोटात हेतू निराळाच. खिदिरपूरच्या आमच्या ऑफिसात कुजबुज आहे की जानेवारीअखेर बदल्यांची यादी निघणार आणि माझ्या नावापुढे पारादीप आहे. लीनाचं शाळेचं शेवटचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, हायर सेकंडरी १९७४ च्या मार्चमध्ये. पोरगी पाच वर्षांची असल्यापासून इथल्या शाळेत. ऐन वेळी तिला उचलून नेलं तर तिचं वर्ष जाईल, आणि ती माझं तोंड बघायची नाही. मला इथे ठेवणं साहेबांच्या हातात आहे. पण असल्या गोष्टी तोंडावर मागायच्या नसतात. आधी संबंध वाढवावे लागतात.

साहेब त्यांच्या शेवंतीबद्दल बोलत होते. मी म्हटलं, आमचीही छोटीशी भाजीची बाग आहे. साहेब पुढे सरकून बसले, काय काय लावता विचारलं. वांगी, गाजरं, पावटा, हरभरा, अशी यादी मीच माझ्या कानांनी ऐकली. मग १३ जानेवारीला आमची भोगी असते, थंडीतल्या सगळ्या भाज्या एकत्र शिजवतो, जेवायला या, सगळं घरच्या बागेतलं, बाजारची काडी नसेल, हेही मीच म्हणालो. साहेब हो म्हणाले.

परतीच्या ट्राममध्ये सरलाने गडियाहाट येईपर्यंत बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, आपल्या गच्चीत दोन कुंड्या आहेत. एकीत तुळस, दुसरीत मोडकी छत्री. बायकांना दूरदृष्टी नसते.

२९ ऑक्टोबर, रविवार

सहा रिकाम्या चहाच्या पेट्या आणल्या, ठेल्यावर घालून. माती, शेणखत. पुण्याहून मेहुण्याने बियाणं पाठवलं. ग्राफपेपरवर प्लॅन काढून स्वयंपाकघरात चिकटवला. हिरव्या शाईत पेरणी, लाल शाईत काढणी.

घरमालक सान्यालबाबू खालच्या मजल्यावरून वर येऊन पेट्या बघून गेले. छताला वजन झेपेल का, एवढंच विचारलं. मी त्यांना रूफ-गार्डनिंगवर पंधरा मिनिटं माहिती दिली. त्यांना पटलेलं दिसलं. निदान ते खाली गेले.

५ नोव्हेंबर, दिवाळी

अभ्यंगस्नानाच्या आधी पेरणी केली. शुभ दिवस. चिखलाचे हात तेलाच्या वाटीत गेले म्हणून सरला बोलली. सणासुदीला मी उत्तर देत नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

गाजरं उगवली. आणि काय उगवली आहेत. पेटी नुसती हिरवीगार. लीना म्हणाली बाबा, हे गवत आहे. मी म्हटलं, तू बायोलॉजी बंगालीत शिकलीस, त्याचा हा परिणाम. ती म्हणाली, मी बायोलॉजी घेतलेलीच नाही.

३ डिसेंबर, रविवार

गाजरांची पेटी रद्द. गवत होतं.

हरभरा कावळ्यांनी वेचून खाल्ला. पावटा मात्र जोरात. वेल कपडे वाळत घालायच्या दोरीवर चढला, तोडू द्यायचा नाही असा मी हुकूम काढला. सरला पातळं जिन्याच्या कठड्यावर वाळत घालते आहे. वांग्याची सात रोपं, तीन फुलं. प्रत्येक फुलाचं एक वांगं धरलं तर तीन. आणखी फुलं येतीलच.

११ डिसेंबर, सोमवार

साहेबांनी भर ऑफिसात विचारलं, खांबेटे, हाऊ इज द गार्डन. एक्सलंट, म्हणालो. भोगीला त्यांच्या मिसेस येणार, मुलगाही येणार. त्याची येत्या मार्चमध्येच हायर सेकंडरी आहे, अभ्यासातून तेवढाच विरंगुळा.

घरी सरलाचं जुनंच पालुपद. साहेबांना सरळ सांगा, मुलीचं शेवटचं वर्ष आहे, एक वर्ष राहू द्या. साधा अर्ज करा. मी समजावलं की अर्ज सगळेच करतात. अर्ज फायलीत जातो, जेवण पोटात जातं.

तेवढ्यात लीनाच्या शाळेचे म्हणून काही कागद सहीला आले. वाचा तरी, सरला म्हणाली. वांग्यांवर कीड पडली होती, वेळ कुठला. चार ठिकाणी सह्या करून वर पळालो. घरच्या माणसांवर माझा पूर्ण विश्वास आहे.

२४ डिसेंबर, रविवार

आढावा. वांगी: एक, सुपारीएवढं. पावट्याच्या शेंगा: तीन, पैकी दोन फोल. गवत: भरपूर.

३१ डिसेंबर, रविवार

नव्या वर्षाचे संकल्प. एक, खोटं बोलायचं नाही. दोन, भाजी गडियाहाटच्या बाजारातून आणायची.

दोन्हींत विरोध नाही. बाजारातली भाजीही कुणाच्या तरी बागेतलीच असते. ‘घरच्या’ म्हटलं होतं, पण कुणाच्या घरच्या ते मी कुठे सांगितलं?

६ जानेवारी १९७३, शनिवार

देव आहे. सान्यालबाबूंच्या अंगणातल्या बोरीची एक फांदी थेट आमच्या गच्चीवर आली आहे, आणि ती बोरांनी लगडली आहे. भोगीच्या भाजीत बोरं लागतातच. म्हणजे एक जिन्नस तरी शंभर टक्के गच्चीवरचा. आता छातीठोकपणे सांगता येईल.

नवल एवढंच की ही बोरं कोणी खात नाही. सान्यालांच्या घरात तीन नातवंडं, गल्लीत पोरांची टोळी, पण एकही दगड मारत नाही. आमच्याकडे एवढ्यात झाड ओरबाडून झालं असतं. लोकांना चवच नाही.

सान्यालबाबूंची रीतसर परवानगी घेतली. ते हसले, हवी तेवढी न्या म्हणाले, तुम्हाला चालत असेल तर. पुढे सरस्वतीपूजेचं काहीतरी सांगू लागले. वर्गणीचा विषय असणार म्हणून आभार मानून जिना चढलो.

१० जानेवारी, बुधवार

लीनाने आज दुसऱ्यांदा सांगितलं, बाबा, बोरं नका घालू, ते लोक नाही खाणार. बोरं घातल्याशिवाय भोगीची भाजी होत नाही, मी म्हटलं, आणि ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ या म्हणीवर थोडं बोललो. ही मुलं इथे वाढल्यामुळे आपल्या चालीरीती विसरतात. तिने आईकडे बघितलं. आईने तिच्याकडे बघितलं. हल्ली या दोघींचं हे फार चालतं.

१३ जानेवारी, शनिवार, भोगी, दुपारी तीन

सगळं तयार. बाजरीचं पीठ बडाबाजारातून आणलं. भाजीत बोरं दुप्पट घालायला लावली. कोशिंबिरीतही बोरं. जेवणानंतर तोंडात टाकायला मीठ लावलेली बोरं वेगळी. जे अस्सल आहे ते लपवायचं कशाला?

साहेब पाचला येतील, आधी बाग बघतील. म्हणून एक छोटीशी सुधारणा केली. बाजारची आठ वांगी सात रोपांना दोऱ्याने बांधली. पांढरा दोरा. देठापाशी पान आडवं घेतलं की दिसत नाही. मी लांबून, डोळे बारीक करून बघितलं. बाग वाटते.

लीना खाली गेली. तिला हसू येत होतं की रडू, कळलं नाही.

१४ जानेवारी, रविवार, संक्रांत

लिहायचं नव्हतं. पण डायरीशी तरी प्रामाणिक राहावं.

साहेब वेळेवर आले. गच्चीवर वांग्यांपाशी वाकले आणि बराच वेळ वाकलेले राहिले. मग म्हणाले, इंटरेस्टिंग, एकाच रोपाला दोन जातींची वांगी. एक लांबट, एक गोल. ही पुण्याची जात आहे, मी म्हणालो. साहेबांनी मान डोलावली.

मग पानं मांडली. मिसेस लाहिडींनी भाजीत चमचा घातला आणि विचारलं, हे गोल गोल काय? मी या प्रश्नाचीच वाट बघत होतो. उभा राहिलो. म्हटलं, बाकी कशाबद्दल शंका घ्या, पण ही बोरं याच गच्चीवरची, काल माझ्या हाताने तोडलेली. त्यांना कळावं म्हणून बोरांचं बंगाली नावही घेतलं, कूल, कूल.

मुलाचा हात घासासकट थांबला. त्याने घास हळूच पानात ठेवला आणि पान एक इंच पुढे सरकवलं. मग मिसेसनीही. मी आग्रह केला. दोन बोरं मी स्वतः त्याच्या पानात वाढली.

तेव्हा साहेबांनी अगदी मऊ आवाजात समजावलं. सरस्वतीपूजेला देवीला वाहिल्याशिवाय इथे कूल कोणी तोंडाला लावत नाही. विद्यार्थी तर नाहीच नाही. परीक्षेत नापास होतो म्हणतात. त्यांचा स्वतःचा विश्वास नाही, म्हणाले. पण मार्चमध्ये परीक्षा आहे, तर उगाच कशाला.

म्हणजे ज्या माणसाकडून मला माझ्या मुलीचं वर्ष वाचवून घ्यायचं होतं, त्याच्या मुलाचं वर्ष बुडवायला मी तीन पदार्थ केले होते. चौदा वर्षं या शहरात राहतो आहे. झाडाखालून रोज जातो. पोरं दगड मारत नाहीत हे बघितलं, आणि त्यांना चव नाही असं ठरवून मोकळा झालो. मला फार लाज वाटली. ही लाज वांग्यांच्या लाजेहून वेगळी होती.

माझं लक्ष लीनाच्या पानाकडे गेलं. त्यात एकही बोर नव्हतं. तीही विद्यार्थीच. दोनदा सांगून झालं होतं तिचं.

सरला आत गेली आणि दुसरं पातेलं घेऊन आली. भोगीचीच भाजी, बोरांशिवाय. दोघींनी सकाळीच बाजूला काढून ठेवली होती. बरोबर मुगाची खिचडी, तळलेल्या वांग्यांचे काप, आणि सान्यालकाकूंनी खालून पाठवलेले पिठे, म्हणजे इथले संक्रांतीचे तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ. मुलगा तीन भाकऱ्या जेवला. साहेबांनी तीळ लावलेल्या भाकरीची कृती सरलाकडून लिहून घेतली. मी पाणी वाढत होतो.

बदलीचा विषय मी काढला नाही. तोंड कुठल्या तोंडाने उघडणार?

आज सकाळी सरलाने हातावर तिळगूळ ठेवला. म्हणाली, गोड नाही बोललात तरी चालेल, थोडं कमी बोला.

३१ जानेवारी, बुधवार

यादी लागली. पारादीपला दुसरा माणूस चालला आहे. मी इथेच, एक वर्ष.

जिन्यात पाचेक मिनिटं नुसता उभा राहिलो. मग मनात आलं, काही म्हणा, जेवणाने काम केलं. शेवटी संबंध ते संबंध. घरी येऊन हे सरलाला ऐकवलं. लीना एवढ्या जोरात नाचली की सान्यालबाबू छताची चौकशी करायला वर आले.

१ फेब्रुवारी, गुरुवार

हेडक्लार्कने सहज माझी फाईल दाखवली. त्यात माझा अर्ज. मुलीचं शेवटचं वर्ष आहे, एक वर्ष इथेच ठेवावं ही विनंती. पाच ओळी. टाइप लीनाचा, सही माझी. खाली साहेबांचा शेरा: रास्त कारण, मंजूर. तारीख १८ डिसेंबर.

म्हणजे भोगीच्या जवळजवळ महिनाभर आधीच काम झालेलं होतं. साहेब बिचारे नुसते बाग बघायला आले होते.

सरलाला विचारलं. ती म्हणाली, सह्या करताना मी वाचा म्हटलं होतं.

८ फेब्रुवारी, गुरुवार, सरस्वतीपूजा

लीना पिवळी साडी नेसून सकाळीच शाळेत गेली. सान्यालांची नातवंडं आणि गल्लीतली पोरं बोरीवर तुटून पडली. दुपारपर्यंत आमच्या गच्चीवरची फांदीसुद्धा साफ. मी त्यांना काठी आणून दिली.

संध्याकाळी साहेबांचा मुलगा प्रसाद घेऊन आला. त्यात पाचसहा बोरं होती आणि कागदात गुंडाळलेलं आणखी काहीतरी. उघडलं. हिरव्या दोऱ्याचं रीळ. सोबत साहेबांच्या अक्षरात एक ओळ: पांढरा दिसतो, पुढच्या वर्षी हा वापरा.

सरलाने वाचलं, लीनाने वाचलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि मग मीही त्यांच्याबरोबर हसायला लागलो. रीळ सरलाने शिवणाच्या डब्यात ठेवलं. लीनाने देवीसमोर हात जोडले, या वर्षातलं पहिलं बोर तोंडात टाकलं आणि दुसरं माझ्या हातावर ठेवलं.

उद्या पावट्याचा वेल काढून गच्चीवरची दोरी मोकळी करायची आहे. पातळं वाळत घालायला जागा नाही.