मुलीच्या घरचं पाणी

देवास, ४ डिसेंबर १९७९

सहावा संपत आला. रंजू मांडीवर बसायला येते आणि पोटावरून घसरते, मग माझ्यावरच रागावते. "आई, तू नीट बस ना!" साडेतीन वर्षांच्या बाईसाहेब.

वि. ची या आठवड्यात सेकंड शिफ्ट. (नवऱ्याचं नाव लिहायची लाज नाही, विनायक पूर्ण लिहायचा कंटाळा.) दुपारी दोनला कारखान्यात जातात, म्हणून सकाळभर घरात एक माणूस जास्त आणि काम दुप्पट. आज म्हणे मी गव्हाचं दळण आणतो. आणलं खरं, पण दुसऱ्याच कुणाचं तरी.

जुन्या धोतरांची दुपटी फाडून झाली. पहिल्या खेपेला धारला माहेरी माईनं, माझ्या आईनं, सगळं हातात दिलं होतं, मी आपली रडत बसले होते. या वेळी सगळं मीच करणार. येतं मला.

११ डिसेंबर

नळावर तमाशा. शेजारच्या चौहान भाभींनी कळशी खाली ठेवली आणि भर बायकांत रंजूला विचारलं, "ए छोरी, थारी मम्मी का पेट में कंई हे? भई के बेन?"

रंजू म्हणाली, "बेन."

बहीण म्हणे. लहान मुलाच्या तोंडून निघतं ते खरं होतं, असं इथे सगळ्यांनाच वाटतं, मराठी काय नि माळवी काय. भाभी बिचाऱ्या सारवासारव करायला लागल्या, "अरे, एक बार में थोड़ी पक्का होता है. कल फिर पूछेंगे." मी म्हटलं, होऊ द्या की, दोघी मिळून भांडतील.

मी स्वतः रंजूला अजून एकदाही विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

२० डिसेंबर

दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं: आता बसचा प्रवास बंद, बाळंतपण इथेच. रंजूच्या वेळी धारला पावणेदोन दिवस कळा दिल्या, ते ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

म्हणजे माहेरी जाणं नाही. सासूबाई तर माझं लग्न व्हायच्या आधीच गेल्या. राहिली माई. आणि माई इथे यायची नाही.

का, ते लिहूनच ठेवते, रंजू मोठी होऊन ही वही वाचेल तेव्हा तिला खरं वाटायचं नाही. आमच्या धारच्या घरात अजून पाळतात: मुलीला मुलगा होईपर्यंत तिच्या आईनं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. मला रंजू झाली, म्हणून माझ्या घरचं पाणी माईला चालत नाही. पाच वर्षांत माई एकदाच देवासला आली. चैत्रातलं ऊन, ओठ सुकलेले, तासभर ओसरीवर बसली आणि परतीच्या बसनं गेली. मी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. नंतर तुळशीला ओतला.

तर मी तोड काढली आहे. बाळंतपणाचे दोन महिने रंजूला धारला पाठवायचं. माई आहे, दादा आहे, वहिनी आहे, अंगण आहे. वि. म्हणाले, "राहील का ती?" राहील. माझी मुलगी आहे.

संक्रांतीला आठ दिवस पाठवून बघायचं. रंगीत तालीम.

१२ जानेवारी १९८०

दादा येऊन रंजूला घेऊन गेला. नवी लाल चप्पल घालून ती मामाचं बोट धरून निघाली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही! भाभींच्या डोळ्यांत पाणी, माझे डोळे कोरडे. वि. ना म्हटलं, बघा.

दुपारी दोन ताटं जास्त घेतली गेली. एक रंजूचं. दुसरं कुणाचं कोण जाणे.

१७ जानेवारी

घर लख्ख आहे. दोन गोधड्या पुऱ्या झाल्या, डबे घासले, लोणच्याच्या बरण्यांना फडकी बांधली. इतकं काम गेल्या वर्षभरात झालं नव्हतं.

करमत नाही.

२० जानेवारी

आली. माईनं बोरन्हाण केलं, हलव्याचे दागिने घातले. दादा म्हणाला, "अगं, एकदासुद्धा रडली नाही. फारच शहाणी." मी म्हटलं, आहेच. तालीम पास. मार्चमध्ये डोळे मिटून पाठवायची.

दादा जाईपर्यंत पोरगी त्याच्याकडे पाठ करून बसली होती. दमली असेल.

२४ जानेवारी

आज पुन्हा भाभींनी विचारलं, भई के बेन. रंजू माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, "कोई नी."

"अरे, ऐसे नहीं बोलते! बता, कोन हे?"

"कोई नी हे. खाली हे." पोट रिकामं आहे म्हणे.

भाभींचा चेहरा उतरला. हात धरून तिला घरात नेलं, मीठ-मोहऱ्या उतरवल्या, मग माझ्यावरूनही उतरवल्या. मी हसले. भाभी हसल्या नाहीत.

३० जानेवारी

उजव्या पायाची लाल चप्पल सापडत नाही. पलंगाखाली, मोरीत, कोळशाच्या पिंपात, भाभींच्या घरी, सगळीकडे बघून झालं. रंजूला विचारलं तर खांदे उडवते. हे कुणाकडून शिकली? (वि.)

आणि जो विचारेल त्याला तेच उत्तर: कुणी नाही. दूधवाल्याला. पोस्टमनला, त्यानं तर विचारलंही नव्हतं. समोरच्या आजी मला बघितलं की आत जातात. मी रागावले तर रंजू अगदी शांतपणे म्हणाली, "नाहीच आहे ना पण."

तिला धपाटा घातला. तिनं बघितलं माझ्याकडे, रडली नाही. मला शरम वाटली, अजून वाटते आहे.

५ फेब्रुवारी

हे लिहू की नको. काल दुपारपासून पोटात काही हललं नाही. डाव्या कुशीवर निजले, गूळ खाल्ला, गार पाणी प्यायले. काही नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी सारखे तेच शब्द कानात, खाली हे, खाली हे.

सकाळी वि. नी रजा टाकली आणि टांग्यानं दवाखान्यात नेलं. सिस्टरनं पोटाला नळी लावून कान दिला. तेवढ्या वेळात मी कुलदैवताला काय काय बोलून बसले ते इथे लिहीत नाही, नाहीतर फेडावं लागेल.

सिस्टर म्हणाली, "सो रहा है आपका बच्चा. आप भी थोड़ा सो जाया करो."

परत येताना टांग्यातच अशी लाथ बसली की मी ओरडले. टांगेवाला म्हणाला, "भिया, धीरे लूँ क्या?" वि. ना हसू आवरेना. मलाही. घरी आल्यावर रंजूचा हात धरून पोटावर ठेवला, म्हटलं, बघ. तिनं हात ओढून घेतला.

१६ फेब्रुवारी

आज सूर्यग्रहण. सकाळपासून भाभींचा हुकूम: चाकू नाही, सुई नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही, ग्रहण सुटेपर्यंत आतल्या खोलीत सरळ निजायचं, कूससुद्धा बदलायची नाही. पोटावर गेरूची बोटं ओढली. मी मानत नाही. पण पोटातल्याचं नाव घेतलं की भले भले मानतात. गपचूप निजले.

अडीचनंतर उजेड पिवळा पडत गेला. गल्लीत चिटपाखरू नाही. वि. कारखान्यात. खिडक्या लावलेल्या, खोलीत मी आणि रंजू. मी अशी भर दिवसा रिकामी पडलेली रंजूनं जन्मात पाहिली नव्हती. दोनतीन वेळा माझ्याभोवती फिरली.

"आई, तू उठू नी सकती?"

"नाही."

"थोडं पण नाही?"

"थोडं पण नाही."

"मी पळाले तरी?"

"तरी नाही."

खात्री पटल्यावर गेली. स्वयंपाकघरात डबा वाजला. आली ती पोटाशी काहीतरी धरून. लाल चप्पल! पापडांच्या डब्यात ठेवली होती, महिनाभर. भिंतीला पाठ लावून, माझ्या हाताच्या अंतराबाहेर बसली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बसमध्ये मामा म्हणाला होता, चपला सांभाळ, अनवाणी मुलांना बसमध्ये घेत नाहीत. आणि वहिनी कुणाला तरी सांगत होती, बाळ आलं की ही इकडेच राहणार. दिवस किती, महिने किती, ते हिला कुठलं कळायला. इकडेच म्हणजे कायमचं. मग हिनं आपलं डोकं चालवलं. चप्पल नसली तर बस नाही. आणि बाळच नसलं तर जायचं कारणच नाही.

"म्हणून सगळ्यांना सांगते, कुणी नाही. मग ते मला नेणार नाहीत."

"तिकडे रडली का नाहीस मग?"

"शहाण्या मुलीला परत नेतात, माई म्हणाली."

आठ दिवस ती परत यायला मिळावं म्हणून शहाणी राहिली. आणि मी इथे बरण्यांना फडकी बांधून कौतुक करत होते, माझी मुलगी आहे म्हणून. उताणी निजूनच रडले, पाणी दोन्ही कानांत गेलं. रंजू घाबरली. म्हणाली, "रड नको, ग्रहण आहे."

तिला म्हटलं, तू धारला जायचं नाहीस. बाळ आलं तरी नाही, दोन आली तरी नाही. देवाशपथ? देवाशपथ. मग चप्पल हातात घेऊनच माझ्या कुशीत शिरली. तिला जागा करायला मी कूस बदलली. भाभींना सांगायचं नाही.

१७ फेब्रुवारी

वि. ना सगळं सांगितलं. म्हणाले, "मी करीन वरणभात. रजा मिळेल पंधरा दिवस." त्यांचं वरण मी खाल्लं आहे. भाभी रंजूला सांभाळायला तयार. म्हणाल्या, "चार हे म्हारे, वाँ पाँच. कंई फरक नी पड़े." आधीच विचारायला हवं होतं. पण मला कुणाला विचारायची सवय कुठे आहे.

माईला पत्र लिहिलं. तीन वेळा फाडलं, चौथं पाठवते आहे. त्यातलं मुख्य एवढंच:

"रंजू येणार नाही. माझं चुकलं होतं. तूच ये. तुझं पीठ, तुझा स्टोव्ह, तुझं पाणी, सगळं घेऊन ये. माझ्या घरचं मीठसुद्धा तोंडात घालू नकोस, पण ये. मुलगा होईल की मुलगी मला माहीत नाही, आणि ते कळेपर्यंत मला थांबता येत नाही. मला तू हवी आहेस."

माईला असं कधी म्हटलेलं नाही. मुलगा हवा असं मला आतून कुठेतरी वाटत होतं, तेही काल कळलं. मुलासाठी नाही. माईला एकदा पोटभर वाढता यावं म्हणून.

२२ फेब्रुवारी

दादाचं कार्ड. "तुझं पत्र माईला वाचून दाखवलं. दोन दिवस झाले, कुणाशी बोलत नाही. काय ठरवते ते कळवतो."

बरं. नाही आली तर नाही. भाभी आहेत, वि. चं वरण आहे. निभेल.

२४ फेब्रुवारी

नळावर भाभींनी भीतभीत विचारलं. रंजू म्हणाली, "हे." म्हणजे आहे!

"कोन हे, बेटा?"

"नी बतऊँ."

भाभींनी तिला उचलून गरागरा फिरवलं. माझी कळशी भरून वाहत होती, कुणाचं लक्ष नव्हतं.

२६ फेब्रुवारी

लिहायला बसवत नाही, पण आजचं राहायला नको.

अकराच्या सुमाराला दारात टांगा. आधी दादा उतरला, मग पिठाचा डबा, मग स्टोव्ह, मग तोंडाला फडकं बांधलेली पितळी कळशी, आणि मग माई. धारच्या विहिरीचं पाणी! इंदूरला बस बदलताना अर्धं सांडलं, माईचा पदर ओलाच होता. मला बघून एवढंच म्हणाली, "वाळलीस गं कुमू." नववा महिना, मी हत्तीएवढी, आणि म्हणे वाळलीस.

ओसरीवर बसली. मी तोंड उघडायच्या आत रंजू आतून पेला भरून घेऊन आली, दोन्ही हातांनी धरून, अर्धं पाणी फरशीवर. आल्यागेल्याला पाणी द्यायचं हे मीच तिला शिकवलं आहे. दादा म्हणाला, "रंजू, अगं माईला ते..." माईनं हात करून त्याला थांबवलं.

पेल्याकडे बघितलं. रंजूकडे बघितलं.

"हे घर कोणाचे गं?"

रंजू म्हणाली, "माझं."

"असे होय! मी नातीकडे आले म्हणायची. नातीकडचे पाणी पिऊ नये असे मला कोणी सांगितलेले नाही."

आणि प्यायली. पेला उंच धरून, एका दमात, तहानलेली होतीच. मी दाराला धरून उभी होते. माईनं पेला परत दिला, म्हणाली, "अजून आण."

मग स्वयंपाक माझ्याच चुलीवर, माझ्याच पिठाचा. भाकऱ्या मी थापल्या. दीड खाल्ली तिनं, मी मोजली. कळशीतल्या पाण्यानं उद्या रंजूचे केस धुवायचे ठरले आहे.

दुपारपासून कंबर धरली आहे. माई म्हणते आज नाही, भाभी म्हणतात आजच. वि. नी टांगा सांगून ठेवला, पिशवी दाराशी नेऊन ठेवली. रंजूनं आपल्या लाल चपला आणून तिच्या शेजारी ठेवल्या. दोन्ही.

"मी पण येणार दवाखान्यात."

तिला काय सांगावं ते नंतर. कळ आली, वही मिटते.