तेलासकट

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
दाढी केली. निवृत्त होऊन एकशे बारा दिवस झाले, त्यातला दाढीचा हा एकविसावा. आजपासून रोज करणार, कारण आता काम आहे.

गॅलरीत पक्ष्यांना टाकलेल्या दाण्यांतून जे रोप कमरेएवढं वाढलंय, ते सूर्यफूल नाही. बागेतल्या बाकावरचे कंपाउंडर (तेही निवृत्त) पान हुंगून म्हणाले, साहेब, हा गांजा आहे. मग आवाज खाली आणून म्हणाले की पाला तेलात कढवून लावला तर सांध्यांना आराम पडतो. हिची बोटं तीन वर्षांपासून आखडलीत. बरणीचं झाकण माझ्याकडून उघडून घेते आणि वर थँक्यू म्हणते. ते थँक्यू मला सहन होत नाही.

पण आधी कायदा. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. कायदा पाहिल्याशिवाय मी पाणीसुद्धा पीत नाही.

ही वही कोणी वाचायची नाही, म्हणून सगळं खरं लिहिणार. जागा: माझी जुनी वजनांची पेटी, लोखंडी पाच किलोच्या खाली. हिच्या हातांना ते उचलत नाही.

४ मार्च, मंगळवार
कायदा वाचला. म्हणजे तक्त्यातली गांजाच्या अर्काची ओळ वाचली, बाकीचं वकिलांसाठी असतं. शंभर ग्रॅमपर्यंत ‘अल्प’: दंड, फार तर एक वर्ष. एक किलोपर्यंत ‘मध्यम’: दहा वर्षांपर्यंत. एक किलोच्या वर ‘व्यापारी’: निदान दहा वर्षं, आणि जामीन नाही. जवळ बाळगलं काय, विकलं काय, दोन्ही तेच. सगळा कायदा वजनावर उभा आहे! कोणालातरी आमच्या खात्याची किंमत कळली म्हणायची.

लागवडीचं कलम वेगळं आहे. पण आपण लावलं कुठे? ते उगवलं.

पाला वाळवून तोलला. बेचाळीस ग्रॅम. निर्धास्त.

९ मार्च, रविवार
बेचाळीस ग्रॅम पाला, दोन किलो तिळाचं तेल, मंद आच, चार तास. म्हणजे शंभरात जेमतेम दोन भाग. मुळात गुन्हा एवढासा, तोही पातळ केला. गाळून भरलं: एक किलो आठशे नव्वद ग्रॅम. घरभर वास. हिने खिडक्या उघडल्या. मी लावल्या. हिने परत उघडल्या.

१४ मार्च, शुक्रवार
आजपासून हिला रोज दहा ग्रॅम तेल, मोठ्या बरणीतून. लावून घेतलं, मग विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, बरं वाटतंय. किती टक्के, असं विचारलं. म्हणाली, तुम्ही म्हणाल तितके. साठ धरले. उद्यापासून स्वतःच लावीन म्हणाली, तुम्ही हात तेलकट करू नका.

बाकी अकरा बाटल्या भरल्या, शंभर-शंभर ग्रॅमच्या. बरणीत राहिलं सातशे ऐंशी. बाकावरच्या मंडळींचे गुडघेही माझ्यासमोरच म्हातारे झालेत.

रात्री लेबलं लिहिली. बिनलेबलचा माल मी आयुष्यभर जप्त केला. माझ्या घरातून बिनलेबलची बाटली बाहेर पडणं शक्य नाही. निव्वळ वजन, तारीख, घटक: ‘तिळाचं तेल, गांजा’. लपवाछपवी नाही. निर्माता म्हणून माझं नाव मात्र घालता येईना. पेन्शनरला परवानगीशिवाय धंदा करता येत नाही, आणि नियम म्हणजे नियम. हिचं घातलं. फ्लॅट हिच्याच नावावर आहे, पत्ताही आपोआप जुळला.

हिला दाखवलं. नावाकडे बराच वेळ बघत राहिली. आनंद झाला असावा.

२२ मार्च, शनिवार
लेकीचा फोन. कोर्टात स्टेनो आहे, दिवसभर निकाल उतरवून घेते, त्यामुळे सगळं जग आरोपी वाटतं तिला. तेलाचं कौतुकाने सांगायला गेलो तर आवाजच बदलला. म्हणाली, बाबा, तेलासकट धरतात. मिश्रणाचं पूर्ण वजन. गेल्या महिन्यात एका मलमवाल्याला दहा वर्षं लागली, निकाल मीच टाइप केला.

मी समजावलं. खोक्यासकट मिठाई तोलणाऱ्या किती दुकानदारांना मी दंड ठोकला, आणि सरकार स्वतःच तेलासकट गांजा तोलणार? निव्वळ म्हणजे निव्वळ. तिचं काम ऐकून लिहिणं आहे, अर्थ लावणं नाही. तर म्हणाली, आत्ताच्या आत्ता मोरीत ओता. हो म्हणालो. फोनवर हो म्हणायला काय जातं?

ही विचारत होती, काय म्हणत होती ती? खुशाली विचारत होती, असं सांगितलं.

१ एप्रिल, मंगळवार
दाढी सलग तिसाव्या दिवशी.

सात बाटल्या बाकावर गेल्या. विक्री अजिबात नाही. फक्त तेल, बाटली, बूच आणि लेबलाचा कागद, एवढा खर्च घेतो.

बागेत एक नवे गृहस्थ येतात. पांढरे बूट, करकरीत. चालत नाहीत, बसतात. गुडघा दुखतो म्हणतात. काल डावा धरला होता, आज उजवा. पण जिज्ञासू माणूस! घरी किती आहे, कोण बनवतं, केव्हा आलं तर मिळेल, सगळं बारकाईने विचारलं. माझं बोलणं इतकं मन लावून घरातसुद्धा कोणी ऐकलेलं नाही. कंपाउंडर मध्येच उठून गेले, निरोपही न घेता. हा शुद्ध मत्सर.

७ एप्रिल, सोमवार
मीटर रीडिंगवाला एकाच महिन्यात दुसऱ्यांदा. मीटरकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, स्वयंपाकघर मात्र पाहिलं. खात्यांना शिस्त उरली नाही. लेखी तक्रार करणार.

समोर करडी गाडी तीन दिवस उभी आहे. आत दोघं बसून असतात. तिथे पार्किंगला मनाई आहे. तीही तक्रार करणार.

कंपाउंडर आठवडाभर बागेत नाहीत. त्यांच्या घराला कुलूप आहे. गावाला गेले असतील.

ही जेवताना म्हणाली की मला भीती वाटते, आपण ते तेल टाकून देऊ या का? मी म्हटलं, अगं, साठ टक्के आराम आहे ना? ताट उचलताना तिच्या हातातून निसटलं. तेल दहाचं पंधरा ग्रॅम करावं लागेल.

११ एप्रिल, शुक्रवार
मी फिरायला गेलो असताना पांढरे बूट घरी येऊन बाटली घेऊन गेले. मीच पत्ता दिला होता. हिने पैसे घेतले तर त्यांनी पावती मागितली! हिला लिहायला फार वेळ लागला म्हणे, पेन निसटत होतं, पण ते शांतपणे उभे राहिले. सही आहे ना, दोनदा पाहून घेतलं. एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, पावती मागा, पावती मागा. आज एका माणसाने मागितली. मला भरून आलं.

१२ एप्रिल, शनिवार
सकाळी ६.२०. दारात सहा जण. पांढरे बूट त्यांच्यातच, पण आज बूट काळे. नमस्कार केला, त्यांनी घेतला नाही.

बरणी, तीन बाटल्या, आणि कालची त्यांची एक. सगळं टेबलावर मांडून काटा काढला. मी ताबडतोब हरकत घेतली: काटा प्रमाणित आहे का? अधिकाऱ्याने काटा निमूट माझ्यासमोर उलटा केला. शिक्का पाहिला. खालचा निरीक्षक क्रमांक माझा. गेल्याच वर्षी मीच तपासलाय. काटा बिनचूक.

काच वजा केली. तेल वजा केलं नाही.

एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम.

हे कसं शक्य आहे? बाटल्या चारशे, म्हणजे बरणीत सातशे ऐंशी. भरलं तेवढंच. त्यानंतर अठ्ठावीस दिवस रोज दहा ग्रॅम, दोनशे ऐंशी कमी हवं होतं. एकूण नऊशे भरलं असतं. एक किलोच्या आत. जामीन झाला असता. मी हिच्याकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

तेल माझं आहे, हे मी सांगणारच होतो. पण अधिकाऱ्याने लेबल वाचलं, पावती वाचली, घराचे कागद मागितले, आणि मला बाजूला उभं राहायला सांगितलं. सरकारी कामात मध्ये बोलायचं नसतं. हा माझाच नियम.

ठाण्यात ठसे घेताना हिची बोटं उघडेनात. महिला शिपायाने एकेक बोट धरून सरळ केलं.

१६ एप्रिल, बुधवार
जामीन नाकारला. माझं नाव कुठल्याच कागदावर नाही.

लेक वकील घेऊन आली. वकील म्हणाले, तेल नवऱ्याने बनवलं याचा लेखी पुरावा असेल तर बाईंना सोडवायला जागा आहे. मग मला म्हणाले, अर्थात तुमचं काय होईल ते तुम्हाला ठाऊकच आहे. लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, बाबा रोजनिशी लिहितात.

पोलिसांनी पेटी उघडली होती. पाच किलो उचललं नव्हतं.

दिली पाहिजे. अर्थात देणार. उद्या सकाळी पहिलं काम.

१७ एप्रिल, गुरुवार
वही वाचून काढली. अक्षर फार गिचमिड. कोर्टात असं देणं बरं दिसत नाही. स्वच्छ प्रत काढून मग देणार. दोन दिवस लागतील.

२० एप्रिल, रविवार
प्रत काढताना लक्षात आलं की नक्कल पुरावा धरत नाहीत. मूळच द्यावी लागेल. आज वकिलांचं ऑफिस बंद.

शिवाय खरी गोष्ट अशी की हिने मी सांगितल्याप्रमाणे तेल लावलं असतं तर ही वेळच आली नसती. हाही मुद्दा कुठेतरी यायला हवा.

२१ एप्रिल, सोमवार
हिची भेट. मध्ये जाळी. आत घेताना वजन एकेचाळीस होतं, आता एकोणचाळीस.

विचारलं, तेल का लावलं नाहीस? म्हणाली, पहिल्या दिवशी तुम्ही लावलंत तेवढंच, काहीच फरक नव्हता, वासाने मळमळायचं. मग साठ टक्के का म्हणालीस? म्हणाली, साठ तुम्ही म्हणालात. मग म्हणाली, तुम्ही रोज उठून दाढी करायला लागला होतात.

वहीबद्दल तिने काही विचारलं नाही. जाळीला धरलेली बोटं सोडवायला तिला वेळ लागला. बाहेर येऊन मी रस्त्यावर रडलो.

उद्या दहा वाजता वही देणार. काही झालं तरी.

२२ एप्रिल, मंगळवार
पोटात दुखतंय.

२५ एप्रिल, शुक्रवार. दुपारी ४
लिहायला बसलो एवढ्यात लेक आली, वही घाईने पेटीत टाकली. उभ्याउभ्याच विचारलं, वही कुठे आहे? सापडत नाही म्हणालो. पोलिसांनीच नेली असेल.

तिने पेटीकडे पाहिलं. मग माझ्या बोटांवरच्या शाईकडे पाहिलं. स्टेनो लोकांना न बोलता उतरवून घ्यायची सवय असते.

ती गेल्यावर पेटीला कुलूप घातलं. दाढी उद्या करणार.