टाकीच्या झाकणातले भोक

मी, वासुदेव नारायण पोहाणे, वय वर्षे एकाहत्तर, सेवानिवृत्त भूकरमापक, राहणार पिपरी (मेघे), तालुका व जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, सकाळच्या उजेडात, चहा घेऊन झाल्यावर लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण त्याचा मिळकतीशी संबंध नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही किंवा गोड बोलून सही मागितलेली नाही. पत्नी इंदिरा हिने एक कलम बदलायला लावले. ते का, हे त्या कलमातच लिहिले आहे. मार्च महिन्यात केलेला मसुदा यामुळे रद्द झाला असे समजावे.

कलम १. मला पत्नी सौ. इंदिरा, मुलगी मोहिनी (शिक्षिका, देवळी) व मुलगा मुकेश (नोकरी, पुणे) एवढे वारस आहेत. याखेरीज कोणी पुढे आल्यास त्याने आधी इंदिरेला भेटावे.

कलम २. पिपरी येथील घर मी नोकरीच्या पगारातून बांधले. ते इंदिरेच्या हयातीपर्यंत तिचे व नंतर मोहिनी आणि मुकेश यांचे निम्मे निम्मे. पूर्वेकडील शेजाऱ्याची भिंत आपल्या हद्दीत चार इंच आली आहे. मी स्वतः तीनदा मोजली आहे. त्यावर भांडू नये, पण विसरूही नये. शेतजमीन माझ्या नावे नाही. एकतीस वर्षे मी फक्त दुसऱ्यांची मोजली.

कलम ३. बँकेत व पोस्टात जे असेल ते इंदिरेचे. मुकेशने याबाबत हिशेब विचारू नये. त्याला शिकताना आम्ही विचारला नव्हता.

कलम ४. मोजणीची साखळी, पितळी होकायंत्र व भिंग हे मुकेशला द्यावे. त्याला त्यांचा उपयोग नाही हे मला माहीत आहे. घरी भिंतीवर लावावीत. भिंगाचा एकदा फार उपयोग झाला, तो पुढे येईल.

कलम ५. मोटारसायकल मोहिनीला.

ही गाडी मी २००५ साली घेतली. बसकी, लांब हॅण्डलची, पाय पुढे टाकून चालवायची, मरून रंगाची. ऑफिसातले लोक तिला आरामखुर्ची म्हणत. कंपनीने पुढे ते मॉडेल बंद केले, त्यामुळे सामान मिळत नाही व गाडीचा स्वभाव माहीत असावा लागतो. मुकेशचे म्हणणे ऑनलाइन फोटो टाकून विकून टाकावी. त्याने तसे करू नये. मोहिनीने गाडी ठेवावी आणि पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

बटण दाबल्यावर नुसता 'टक' आवाज आला तर बॅटरी मेली असे लगेच म्हणू नये. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साचते. गरम पाण्याने धुऊन, घासून, पुन्हा घट्ट आवळावे. दहापैकी सात वेळा काम तेवढेच असते. गाडी धूर सोडून अडखळत असेल तर प्लग काढून रंग पाहावा. काळा असेल तर पेट्रोल जास्त जात आहे, पांढरा असेल तर हवा जास्त, चॉकलेटी असेल तर प्लगला दोष देऊ नये. उभ्या गाडीखाली पेट्रोल टपकत असेल तर कार्बुरेटरमधल्या तरंगत्या गोळ्यापाशी कचरा अडकला आहे. बाहेरून हलके ठोकून पाहावे, हातोड्याने नव्हे. थंडीत चोक ओढावा व दोन मिनिटांनी आठवणीने परत ढकलावा. साखळी फार ताणू नये. क्लचची तार एकदम तुटत नाही, आधी महिनाभर जड होऊन सांगते. आपण ऐकत नाही.

वीस किलोमीटर चालून गाडी बंद पडली आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू झाली, तर काय करावे, हे मला शिकायला नऊ वर्षे लागली. म्हणून त्यासाठी वेगळे कलम.

कलम ६. श्री. चंद्रभान सोमाजी निखाडे यांच्याबाबत.

चंद्रभान हे जाम गावच्या चौरस्त्यावर मोटारसायकल दुरुस्तीचे गॅरेज चालवत. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. ही गाडी आणायला नागपूरला माझ्यासोबत तेच आले होते. त्यानंतर आठ वर्षे माझा रविवार त्यांच्या गॅरेजात गेला. वर जे काही लिहिले आहे ते सर्व त्यांनी शिकवलेले आहे. ते मला वासुदेवभाऊ म्हणत. मी ऑफिसात त्यांचे नाव सांगितल्यामुळे तीन तालुक्यांतले भूकरमापक आणि तलाठी त्यांच्याकडेच गाड्या नेत.

फेब्रुवारी २०१३ मध्ये मोहिनीला समुद्रपूर येथे शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावले. वेळ सकाळी अकराची. आठ दिवस आधी चंद्रभान यांनी गाडीचा कार्बुरेटर खोलून साफ केला होता. मोहिनी म्हणाली, एस.टी.ने जाते. मी म्हणालो, गाडी असताना एस.टी. कशाला. टाकी गच्च भरली आणि निघालो. वाटेतले जाम सहा किलोमीटर उरले असता गाडी बंद पडली. थोड्या वेळाने सुरू झाली, दोन किलोमीटर चालली, पुन्हा बंद. शेवटी मोहिनी एका टेम्पोला हात करून गेली. ती पोहोचली तेव्हा पावणेबारा झाले होते. मुलाखत घेणारे उठून जेवायला गेले होते. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

मी कशीबशी गाडी जामपर्यंत नेली. गॅरेजसमोर गिऱ्हाइके होती, शेजारी तानाबाईंच्या चहाच्या टपरीवर बसची वाट पाहणारे लोक होते. त्या सर्वांसमक्ष मी चंद्रभान यांना म्हणालो, "चोर आहेस तू! माझ्या गाडीचा चांगला कार्बुरेटर काढून जुना बसवला."

ते म्हणाले, "भाऊ, काय बोलून राह्यले तुमी?"

मी तेच आणखी मोठ्याने बोललो. मग वर्ध्याला येऊन माझ्या जुन्या ऑफिसात बोललो. लोकांनी विश्वास ठेवला, कारण मी मोजून बोलणारा माणूस अशी माझी ख्याती होती. पुढच्या दीड वर्षात गॅरेज बंद पडले. चंद्रभान कारंजा (घाडगे) येथे हायवेवरच्या एका ट्रकच्या गॅरेजात कामाला लागले, असे कानावर आले. मला त्यावेळी बरे वाटले. हे लिहिणे भाग आहे.

गाडीचा दोष मात्र राहिला. वर्धा व नागपूर येथे प्लग, कॉइल, पेट्रोलची नळी आणि अखेर कार्बुरेटरसुद्धा बदलला. ज्याच्याकडे न्यावी तो आधी टाकीचे झाकण उघडून पेट्रोल आहे का पाही, आणि गाडी पहिल्या बटणाला सुरू होई. मी गावातल्या गावात चालवू लागलो.

ऑगस्ट २०२२ मध्ये पवनारच्या पुढे, सेलूच्या रस्त्यावर ती पुन्हा बंद पडली. पेट्रोल पाहावे म्हणून मी झाकण उघडले. 'फुस्स' असा आवाज झाला. टाकी जणू श्वास कोंडून बसली होती. गाडी तात्काळ सुरू झाली. घरी येऊन मी झाकण भिंगाखाली धरले. त्यात हवा जाण्यासाठी एक बारीक भोक असते. ते पांढऱ्या, वाळून दगड झालेल्या पॉलिशने बुजले होते. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. उभी राहिली की कुठून तरी थोडी हवा शिरे आणि गाडी सुरू होई. ते पॉलिश मी जानेवारी २०१३ पासून दर रविवारी सकाळी जुन्या बनियनने स्वतः लावत होतो. झाकणाला जरा जास्त.

भोक मोकळे केले. दुसऱ्या दिवशी आर्वीमार्गे कारंज्यापर्यंत गेलो. गाडी एकदाही बंद पडली नाही. तिथे ते गॅरेज सापडले. एका ट्रकखाली चंद्रभान यांचे पाय दिसत होते. पायांना काय सांगायचे, असे मनाशी म्हणून मी परत फिरलो. ही सबब होती. पुढे अडीच वर्षे मी कोणालाही काही सांगितले नाही, इंदिरेलासुद्धा नाही.

मार्चच्या मसुद्यात या जागी असे कलम होते की, माझ्या मृत्यूनंतर मोटारसायकल चंद्रभान यांना द्यावी व सोबत माझे बंद पाकीट द्यावे. मसुदा इंदिरेला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती.

"पाकिटात काय आहे?" तिने विचारले.

मी सांगितले. तिने ताट खाली ठेवले.

"मेल्यावर काऊन? तो बिचारा काय तुमच्या फोटोसंग भांडन?"

मी म्हणालो, विचार करतो. ती म्हणाली, "बारा वर्षं झाले ना करून?" त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग मी मोहिनीला फोन करून सर्व सांगितले. ती म्हणाली, "बाबा, साडेसातची एस.टी. होती. मी म्हटलं होतं तुम्हाले."

एप्रिलमध्ये इंदिरा व मी एस.टी.ने कारंज्याला गेलो. टाकीचे झाकण स्टीलच्या डब्यात घेतले होते. चंद्रभान यांचे केस पांढरे झाले आहेत. त्यांनी मला ओळखले, ट्रकच्या टायरवर फडके टाकले आणि "बसा साहेब" म्हणाले. भाऊ म्हणाले नाहीत.

मी उभ्यानेच सांगितले. चोर म्हटले ते खोटे होते, दोष माझ्या हातचा होता, आणि हे मला अडीच वर्षांपासून माहीत आहे. त्यांनी हात पुसले, झाकण घेतले, उन्हात धरले, फुंकर मारून पाहिली.

"हे," ते म्हणाले. "हे भोक. अन् मी कार्बुरेटर खोलून बसलो."

"माझी चूक झाली, चंद्रभान."

"चोर म्हटलं त्याचं मले तेवढं नाई वाटलं, साहेब. मी चोर नाई हे मले मालूम होतं. पन काम चुकलं का नाई हे मले मालूम नोतं. त्या दिवशी कार्बुरेटरातली ती बारकी जेट बसवली का नाई, घट्ट आवळली का नाई, हे मी बारा वर्षं आठवून राह्यलो. पोरीची नोकरी माह्या हातानं गेली असंच धरून चाललो. तवापासून मोटारसायकलले हात नाई लावला. ट्रकले ग्रीस मारतो."

इंदिरा रडली. मी मोटारसायकल त्यांना देऊ केली. ते म्हणाले, "गाडी नोको. माह्ये गुडघे कुठं राह्यले आता? जिथं म्हटलं तिथं सांगजा, बस."

कलम ७. त्याप्रमाणे पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता मी जामच्या चौरस्त्यावर गेलो. गॅरेजच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे. २०१३ सालच्या लोकांपैकी फक्त तानाबाई चहावाल्या उरल्या आहेत. मी टपरीसमोर उभा राहून म्हणालो की, चंद्रभान निखाडे यांनी माझ्या गाडीचे काम चोख केले होते आणि मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला. बसची वाट पाहणाऱ्या एकाने विचारले, कोण वारले? दुसऱ्याने विचारले, कोणत्या पक्षाचे?

तानाबाई गाळणी झटकत म्हणाल्या, "तवा तं लय जोरानं बोलले होते तुमी. आता एवढ्या हळू काऊन बोलून राह्यले?"

मी पुन्हा, मोठ्याने बोललो. मग वर्ध्याला जुन्या सहकाऱ्यांपैकी जे हयात आहेत अशा सहाजणांच्या घरी जाऊन बोललो. दोघांना प्रसंग आठवत नव्हता. एकाने दार उघडले नाही, म्हणून त्याला खिडकीतून सांगितले.

कलम ८. पॉलिशचा डबा मी फेकला आहे. मोहिनीने गाडी ओल्या फडक्याने पुसावी. माझ्या तेरवीला लांबलचक भाषणे नकोत. मी मोजून बोलणारा होतो, असे कोणी म्हणू लागल्यास मोहिनीने त्यास थांबवावे.

कलम ९. चंद्रभान यांनी या मृत्युपत्राखाली काहीही घेतलेले नाही. त्यामुळे ते साक्षीदार होऊ शकतात, असे वकील साहेबांनी सांगितले. मी चंद्रभान यांना विचारले असता ते म्हणाले, "येतो. पन आधी वाचून पाहीन." ते आज सकाळी एस.टी.ने आले, चष्मा लावून प्रत्येक पान वाचले. बॅटरीच्या टोकांना शेवटी थोडी व्हॅसलीन लावावी, एवढे राहिले आहे म्हणाले. ते या ठिकाणी नमूद करतो.

हे मृत्युपत्र मी वाचले, समजले, आणि खालील दोन्ही साक्षीदारांच्या देखत त्यावर सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

ठिकाण: पिपरी (मेघे), वर्धा
दिनांक: १४ जून २०२५

(सही) वासुदेव नारायण पोहाणे

साक्षीदार १: (सही) धनंजय मारोतराव उमाटे. व्यवसाय: सेवानिवृत्त ग्रंथपाल. रा. पिपरी (मेघे). पश्चिमेकडील शेजारी.

साक्षीदार २: (सही) चंद्रभान सोमाजी निखाडे. रा. कारंजा (घाडगे). व्यवसाय: ~~मजुरी~~ मोटारसायकल मेकॅनिक.

टीप: साक्षीदार क्रमांक २ यांनी व्यवसायाच्या जागी प्रथम 'मजुरी' असे लिहिले होते. मग त्यांनी तो शब्द स्वतःच्या हाताने खोडला व पुढील शब्द लिहिले. ही खाडाखोड माझ्यासमोर झाली असून ती मला मान्य आहे.

(सही) वा. ना. पोहाणे