कादंबरीतील रेशमी रुमालाबाबत

प्रति,
मा. सांस्कृतिक अधिकारी,
नगर कार्यालय.

विषय: सभेच्या मैदानावरील जाहीर वाचनातून प्रकरण नववे वगळणेबाबत, ते न जमल्यास माइक एक मिनिट मिळणेबाबत.

संदर्भ: माझा मागील अर्ज व त्यावरील आपले नकाराचे पत्र.

महोदय,

थोरले साहेब, मधले साहेब व धाकटे साहेब या तीन पिढ्यांच्या सत्तेवर लिहिलेली कादंबरी आपल्या कार्यालयातर्फे मैदानावर वाचली जाणार आहे. या तिन्ही पिढ्यांच्या सभांना माझे पती भोंगे लावत. त्यांना सगळे भोंगेवाले म्हणूनच ओळखत.

१. नवव्या प्रकरणात थोरल्या साहेबांच्या शेवटच्या भाषणात ऐन वेळी आवाज बंद पडतो. भोंगेवाला विरोधकांना फितूर होता व समोरच्या गच्चीवरून एका बाईने रेशमी रुमाल हलवून त्याला इशारा केला, असे लिहिले आहे. ती बाई मी आहे. लेखकाने मला उंच केले व डोळ्यांत काजळ घातले, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु रुमाल रेशमी नव्हता. तो अंग पुसायचा टॉवेल होता व त्याला मधोमध भोक होते.

२. आमचे घर मैदानाच्या पार टोकाला आहे. सभेआधी माइक तपासताना माझे पती एक-दोन-तीन म्हणत नसत. "ऐकू येतंय का गं?" एवढेच विचारत. आवाज पोचला की मी गच्चीतून टॉवेल हलवीत असे. लग्न झाल्यापासून आमची हीच पद्धत होती. लोक हसत. थोरले साहेबही एकदा मंचावरून म्हणाले होते, "वहिनींनी टॉवेल हलवला, आता बोलायला हरकत नाही."

३. त्या दिवशीही टॉवेल सभेआधीच हलवला होता. थोरले साहेब बोलता बोलता म्हणाले, "माझ्यानंतर ही खुर्ची माझ्या मुलाला..." आणि मधल्या साहेबांनी स्वतःच्या हाताने वायर उपटली. "देऊ नका" हे पुढचे शब्द मंचाजवळ उभ्या असलेल्या फक्त माझ्या पतींनी ऐकले. मैदानाने अर्धेच ऐकले व टाळ्या वाजवल्या. खुर्ची मधल्या साहेबांना मिळाली. मी यांना म्हटले, खरे काय ते सांगून टाका. हे म्हणाले, "खाल्ल्या मिठाला जागायचं असतं. त्यांच्या घरातलं भांडण आपण कशाला चव्हाट्यावर आणायचं?"

४. कादंबरी आल्यावर लग्नाकार्याची कामेही बंद झाली. चहाच्या दुकानात यांना पाहून लोक रुमाल हलवू लागले. आणि घरात न्हाणीघरातूनसुद्धा "ऐकू येतंय का गं?" म्हणून हाक मारणारा माणूस गप्प झाला. पाणी हवे असले तर उठून स्वतः घेई. मला ते फार लागले.

५. आपले पत्र म्हणते की कादंबरीतील पात्रे काल्पनिक असल्याने त्यांची बदनामी संभवत नाही. हरकत असल्यास संबंधित व्यक्तीने पुराव्याच्या टॉवेलसह समक्ष हजर राहावे. पत्र पोचण्याच्या आदल्या आठवड्यातच संबंधित व्यक्ती वारली, सबब हजर राहू शकत नाही. महोदय, काल्पनिक माणसाचे कपडे मला धुवावे लागले नसते, आणि आता ते कोणाला द्यावेत हा प्रश्नही पडला नसता.

६. वाचन खुद्द धाकटे साहेब करणार आहेत. त्यामुळे प्रकरण वगळले जाणार नाही, एवढे मलाही कळते. मात्र वाचनाआधी माइक तपासायला कोणीतरी लागेलच. ते काम मला द्यावे. मी भाषण करणार नाही, कोणाचे नाव घेणार नाही, वायरला हात लावणार नाही. फक्त एकदा विचारीन, "ऐकू येतंय का हो?" आणि खाली उतरेन.

गच्चीत आता कोणी नसेल. येताना टॉवेल दोरीवर घालून येईन. वारा असला तर हलेल.

एवढी विनंती मान्य व्हावी.

आपली नम्र,
भोंगेवाल्यांची बायको
(सही)

दिनांक: आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत:
१. आपल्या पत्राची प्रत.
२. पतीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
३. आपण पुरावा म्हणून मागितलेला टॉवेल जोडलेला नाही. तो त्या दिवशी लागेल.